ट्यूबलाईटखाली मेथी : कोणती नळी, किती अंतरावर?

होस्टेलच्या ज्या खोलीत ऊन येत नाही, तिथे कुंडीतली मेथी दोन पानांवर येते, लांबुडकी होते, पिवळी पडते आणि मान टाकते. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. खरं तर उजेड कमी पडलेला असतो. अभ्यासाच्या टेबलाला ३०० ते ५०० लक्स पुरतात. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात. आपले डोळे दोन्हीकडे जुळवून घेतात, रोपाला ते जमत नाही. तेव्हा जुनी ट्यूबलाईट कुंडीवर टांगण्याआधी चार गोष्टी पाहू.

१) नुसत्या ल्युमेनवर जाऊ नका
ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. उजेडात आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. पानातले क्लोरोफिल मात्र मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषते. म्हणून आपल्याला लख्ख दिसणारी नळी रोपालाही तितकीच लाभेल असे नाही.

२) नळीवरचा आकडा वाचा
टी-१२, टी-८, टी-५ हा व्यास, इंचाच्या आठव्या भागात. म्हणजे टी-८ बरोबर एक इंच. पुढे ‘८६५’ असेल तर पहिला ८ म्हणजे रंग दाखवण्याचा निर्देशांक ८० च्या वर आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन, पांढरा प्रकाश. ‘८३०’ म्हणजे ३०००, पिवळसर. मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना ८६५ उत्तम. त्यातल्या निळ्या भागामुळे रोप ठेंगणे आणि दणकट राहते. मिरची किंवा फुलझाड असेल तर एक ८६५ आणि एक ८३०, अशी जोडी लावा. ‘५४’ छापलेली जुन्या पद्धतीची नळी तेवढ्याच वॅटला उजेड कमी देते.

३) अंतर हाच खरा मुद्दा
बल्बपासून अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हे आपण शिकलोच आहोत. लांब नळीच्या अगदी जवळ मात्र तो साधारण निम्मा होतो. शिवाय नळी फारशी तापत नाही. म्हणून ती शेंड्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर ठेवा आणि रोप वाढेल तशी वर सरकवा. छतावरच्या ट्यूबच्या भरवशावर राहू नका. टोकांपाशी उजेड कमी, तेव्हा कुंड्या मधोमध. रोज १४ ते १६ तास प्रकाश, बाकी वेळ अंधार.

४) बिल आणि पारा
३६ वॅटची नळी आणि साध्या चोकचे सुमारे ९ वॅट मिळून ४५ वॅट. १४ तासांचे ०.६३ युनिट, महिन्याला जवळजवळ १९ युनिट! २० वॅटची एलईडी ट्यूब तेवढ्याच वेळात साडेआठ युनिटच्या आत बसते. वर नळीत पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, सगळ्यांनी थोडा वेळ बाहेर थांबा, झाडू फिरवू नका. काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा आणि वेगळ्या बंद डब्यात ठेवा. मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत अशा सरळ नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरले, ते या पाऱ्यापायीच.

थोडक्यात काय, चालू स्थितीतली पट्टी पडून असेल तर ८६५ नळी लावून ती जरूर वापरा. खिशातून नवे घ्यायचे असेल तर एलईडीच घ्या. अंतराचा आणि तासांचा नियम तिलाही आहे, फक्त शेंडे करपत नाहीत ना ते बघा. आणि हो, वायर ओढण्याआधी रेक्टर सरांना विचारा. बिल शेवटी मेसच्या बिलासारखेच, सगळ्यांच्या वाट्याला येते.