पाणी खेळतं राहू दे

अगं, थांब जरा. नवा दिवा मागवू नकोस. तुझ्या टाकीतलं टॉर्च कोरल मिटून बसलंय म्हणून तुला वाटतंय उजेड कमी पडतोय. पण तू पाठवलेला व्हिडिओ मी नीट पाहिला. त्याचे सगळे तंतू एकाच बाजूला झोपलेत आणि दुसऱ्या बाजूने आतल्या सांगाड्याची पांढरी धार दिसायला लागलीये. पंपाचा झोत थेट त्याच्या अंगावर येतोय. आज एवढंच कर, पंपाचं तोंड वळव.

आता निवांत बस, सांगते. कोरल हा एका जागी चिकटून राहणारा प्राणी. माशाला जागा आवडली नाही तर तो सरकतो, याला ती सोय नाही. खाणं पाण्याने त्याच्यापर्यंत आणायचं, त्याने टाकलेली घाण नि चिकट स्राव पाण्यानेच वाहून न्यायचा. त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक अगदी पातळ, जवळजवळ न हलणारा थर असतो आणि सगळी देवाणघेवाण त्या थरातून होते. आजूबाजूचं पाणी खेळतं असलं की हा थर पातळ राहतो, पाणी साचलं की जाड होतो.

मला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. भर उजेडात कोरलला प्राणवायू कमी पडत नाही, उलट जास्त होतो. त्याच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल दिवसभर प्राणवायू तयार करतं आणि तो बाहेर पडला नाही तर त्या शैवालाचंच अन्न बनवण्याचं काम मंदावतं. तांबड्या समुद्रात एलात इथे काम करणाऱ्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवून दिलं. पाणी हलतं ठेवलं की जास्तीचा प्राणवायू निघून जातो आणि अन्न जास्त तयार होतं. १९९८ मध्ये समुद्र तापून जगभर कोरल पांढरी पडली, तेव्हा ओकिनावात काही जगली, काही मेली. या फरकामागे पाण्याचा प्रवाह हे एक कारण होतं, असं २००१ च्या एका अभ्यासात मांडलंय. मग सांग, पाणीच हलत नसेल तर तो महागडा दिवा काय करणार?

दुकानात तुला पटींचा हिशेब सांगतील. तो ठोकळ असतो, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. लेदर, मशरूम, झोअँथिड या प्रकारच्या कोरलना ताशी टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरलं तरी चालतं, टॉर्च-हॅमरना २० च्या आसपास, आणि ॲक्रोपोरासारख्यांना ४० पट किंवा त्याहून जास्त लागतं. तुझी टाकी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटर. २० पट धरलं तर ताशी १५०० गॅलन झाले. यात संपमधल्या, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतल्या, रिटर्न पंपाचा भरवसा धरू नकोस, पाणी वर चढवण्यातच त्याची बरीच ताकद खर्च होते. हे काम वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीतच बसवून पाणी हलवणाऱ्या पंपाचं.

आणि एकच मोठा वेव्हमेकर घेण्यापेक्षा दोन लहान घे. टेबल फॅन एकाच दिशेला रोखून ठेवला की समोरच्याला सर्दी होते आणि कोपऱ्यातला घामाने भिजतो, तसं एकाच झोताने टाकीत होतं. दोन्ही टोकांना एकेक लाव, आलटून पालटून कमी-जास्त होऊ दे. झोत कोरलवर न रोखता समोरच्या काचेवर तिरका सोड. काचेवर आपटून, दुसऱ्या झोताला भिडून पाणी विस्कटलं की ते सगळीकडून येतं, आणि कोरलला तसंच आवडतं. तंतू कधी इकडे, कधी तिकडे डुलायला हवेत. एका पंपाने पाण्याचा पृष्ठभाग सतत थरथरता ठेव. रात्री शैवालाचं काम बंद असतं आणि टाकीतलं सगळं जिवंत जग प्राणवायू वापरत असतं, म्हणून रात्री पंप बंद करायचा विचारही मनात आणू नकोस.

तुझे खडक मात्र मला आवडले नाहीत. मागच्या काचेला टेकवून भिंत रचलीयेस तू. ते पुढे ओढ, मागे हात जाईल एवढी जागा सोड, मधून बोगदे राहू देत. तुझ्या किचनमध्ये टर्की बेस्टर, म्हणजे रबरी फुग्याची पिचकारी, असेल, तो टाकीसाठी वेगळा काढ. त्याने खडकांच्या फटींत पाणी मार. राखाडी धुरळा उठेल. तो लगेच वाहून गेला तर ठीक, तिथेच घुटमळला तर ती मेलेली जागा. वाळूवर लालसर-जांभळा चिकट थर धरतो ना, तो बहुतेकदा अशाच ठिकाणी सुरू होतो. पाण्यातली पोषकद्रव्यं वाढली तरीही होतो म्हणा, पण आधी प्रवाह बघ.

लेदर कोरल काही दिवस मिटून चकचकीत दिसायला लागलं तर घाबरू नकोस. ते मेणासारखी कात टाकतं. थोडा प्रवाह वाढव, पापुद्रा निघून जाईल. वाळू उडून खड्डे पडत असतील तर पंप वर सरकव. ॲनिमोन आणायचा असेल तर पंपाला जाळी हवीच. तो फिरत फिरत पंपात अडकला तर त्याच्याबरोबर अख्खी टाकी जाऊ शकते.

पंप दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगर-पाण्यात भिजवून घास. चुन्याचा थर बसून त्याचा जोर इतका हळूहळू कमी होतो की रोज बघणाऱ्याला कळतही नाही. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मी तुला शंभरदा सांगेन.

आणि हो, सुट्टीत मालवणला गेलीस तर तिथून कोरलचा तुकडा उचलू नकोस, मेलेला दिसला तरी. भारतात कठीण कोरलना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

शेवटचं आणि सगळ्यात कळकळीचं. तू राहतेस त्या एडिसनमध्ये हिवाळ्यात वादळाने वीज जाते, आणि पंप थांबल्यावर टाकीतला प्राणवायू तासांच्या हिशेबात संपत येतो. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप आत्ताच घेऊन ठेव आणि वादळाचा इशारा आला की त्याची बॅटरी आधी तपास.