सरकारी खरेदी आणि ज्वारीचें पीक

शेतकऱ्यानें काय पेरावें याविषयीं सरकारचीं पत्रकें, प्रदर्शनें व व्याख्यानें पुष्कळ होत असतात. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, व ती सूचना आपल्याच देशाच्या सरकारनें मांडलेली होती. त्या वर्षीं ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या गुणांचें वर्णन जिकडेतिकडे ऐकूं आलें. तें वर्णन खोटें नव्हतें. परंतु शेतकरी वर्णन ऐकून पेरीत नाहीं. माल कोण घेणार, केव्हां घेणार आणि पैसे किती दिवसांत हातीं पडणार, हें पाहून तो पेरतो. म्हणून जमीन व पाणी राखून अन्न पिकविण्याच्या कामीं सरकारचा हात खरोखर कोठें चालतो हें समजून घ्यावयाचें असेल, तर त्याच्या उपदेशाकडे न पाहतां त्याच्या खरेदीकडे पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

सरकार धान्याचें मोठें गिऱ्हाईक झालें तें टंचाईमुळें. १९४३ सालीं बंगालचा भयंकर दुष्काळ पडला, व त्याच सालीं मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. पुढें १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ व शेतमालाच्या किंमती सुचविणारा आयोग हीं दोन्हीं स्थापन झालीं. त्या वेळीं देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर दिवस काढीत होता. तेव्हां गहूं व तांदूळ यांचा सांठा करणें हेंच मुख्य काम होतें, आणि तें काम या संस्थांनीं चोख बजाविलें यांत शंका नाहीं. आज बावीस पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर होते व उसाचा दर निराळा ठरतो. पण किंमत जाहीर होणें ही एक गोष्ट, आणि त्या किंमतीस माल घेणारा माणूस कांटा लावून उभा असणें ही अगदीं दुसरी गोष्ट. हा भेद ज्यानें ओळखला त्याला पुढील सर्व हकीकत सहज उलगडेल.

पंजाबचें उदाहरण घ्या. १९६० च्या सुमारास तेथें भाताचें क्षेत्र अवघें सव्वादोन लाख हेक्टर होतें. आज तें तीस लाख हेक्टरांहून अधिक आहे. पंजाबी माणूस पोळी खाणारा. भात त्याच्या ताटांतला नव्हे. तरी त्यानें भात लावला, कारण तेथील प्रत्येक मंडईंत सरकारी खरेदी ठरलेली, आणि १९९७ पासून शेतीपंपास वीज फुकट. परिणाम असा झाला कीं, पावसानें जेवढें पाणी जमिनींत मुरतें त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी तेथें दर वर्षीं उपसलें जात आहे. पाणी वांचविण्यासाठीं २००९ सालीं कायदा करून भाताची लावणी पावसाळ्याकडे ढकलण्यांत आली. त्यामुळें कापणी व गव्हाची पेरणी यांमधील दिवस फार थोडे उरले, व शेतांतील पराळी पेटवून देण्याचा प्रकार बळावला. एका गिऱ्हाइकानें एकच माल मागितला म्हणजे एका सुपीक प्रांताची शेती कोणत्या वाटेनें जाते, याचा हा धडा आहे. दोष पंजाबच्या शेतकऱ्याचा नाहीं. त्याच्या जागीं आपण असतों तर आपणही भातच लावला असता.

आतां आपल्या घरीं येऊं. १९६६ च्या ऊस नियंत्रण हुकुमाप्रमाणें कारखान्यानें ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत दर चुकता करावयाचा असतो. २०२५-२६ च्या हंगामाकरितां सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागें ३५५० रुपये हा दर ठरविण्यांत आला. कारखाने थकबाकी ठेवतात, त्यासाठीं आंदोलनें करावीं लागतात, हें सर्व खरें. पण मागणी करावयास कायद्याचा आधार आहे व माल नेणारी गाडी बांधावर येते. त्याच २०२५-२६ सालीं मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलास ३७४९ रुपये होती व साधारण भाताची २३६९ रुपये. कागदावर पाहिलें तर ज्वारी भाताच्या दीडपट मोलाची ठरते! पण मोंढ्यावर ज्वारी घेऊन जाणारास विचारा कीं, या दरानें तुमचें किती पोतें सरकारनें मोजून घेतलें? म्हणून कमी पावसाच्या मुलुखांतही विहिरीवर व कालव्यावर ऊस उभा राहतो, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागतें.

१९८०-८१ च्या सुमारास महाराष्ट्रांत ज्वारीचें क्षेत्र साठ लाख हेक्टरांहून अधिक होतें. आज तें त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी उरलें आहे. याचें सर्व खापर सरकारवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. खरीप ज्वारीचें कणीस पावसांत सांपडून काळें पडतें. सोयाबीन चार महिन्यांत रोकड देतें. काढणीस मजूर मिळत नाहीं. पांखरें राखावयास घरीं माणूस नाहीं. हीं कारणें खरीं आहेत. पण रब्बीची मालदांडी ही या सर्वांहून वेगळी आहे. मोहोळ येथें निवड पद्धतीनें तयार झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आज कित्येक पिढ्या टिकून आहे. काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर ती येते, बाहेरचें पाणी क्वचितच मागते, माणसाला भाकर आणि बैलाला कडबा एकाच ताटांतून देते. ज्या शेतकऱ्याच्या दावणीला जनावर आहे, त्यानें कडब्याचा हिशेब न धरतां ज्वारी परवडत नाहीं असें म्हणूं नये.

खाणाराच्या बाजूनेंही तेंच घडलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशी दरमहा पांच किलो धान्य ठरवून दिलें: तांदूळ तीन रुपयांनीं, गहूं दोन रुपयांनीं आणि भरड धान्य एक रुपयानें. २०२३ च्या जानेवारीपासून हें धान्य मोफत झालें. कायद्यांत ज्वारी आहे, परंतु दुकानांतून बहुधा गहूं आणि तांदूळच येतात. गरीब मनुष्य जें फुकट मिळतें तें खातो, व मुलांस लहानपणापासून त्याचीच चव लागते. ज्वारी पिकविणाराच्या स्वतःच्या घरींही पोळी-भात शिजूं लागला म्हणजे शेजारच्या गांवांतलें गिऱ्हाईकही गेलें असें समजावें. सरकारला ज्वारी वांटतां येत नाहीं असेंही नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो आपल्याच लोकांनीं रांगा लावून घेतली होती. सातां समुद्रांपलीकडची ज्वारी वांटतां आली, तर बार्शीची कां वांटतां येऊं नये?

अर्धवट खरेदी मात्र नुसत्या उपदेशाहूनही वाईट, हें तुरीनें दाखवून दिलें. २०१५ सालीं डाळ कडाडली. सरकारनें ५०५० रुपये दर जाहीर केला, तुरीचा पेरा करा म्हणून सांगितलें, आणि २०१६-१७ सालीं भरघोस पीक आलें. २०१७ च्या आरंभीं बाजार त्या दराखालीं उतरला. खरेदी केंद्रांवर बारदान नाहीं, गोदामांत जागा नाहीं, व शेतकऱ्यांच्या गाड्या दिवसेंदिवस रांगेंत उभ्या! बाहेरची तूर बंदरांतून येतच होती. तिच्या आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्टांत, म्हणजे आपला माल विकून झाल्यावर. आपल्या डाळी परदेशीं पाठविण्याची बंदीही त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत उठली. किंमत, गोदाम, बंदर आणि दुकान या चारही गोष्टी एकाच सरकारच्या हातीं असून त्यांचा मेळ नव्हता.

मग ज्वारीसाठीं काय मागावें? आमच्या मतें मागणी लहान पण नेमकी असावी. ज्या जिल्ह्यांत ज्वारी पिकते, तेथील शिधापत्रिकेवरील पांच किलोंपैकीं एक किलो ज्वारी तेथेंच खरेदी करून द्यावी. हिशेब सोपा आहे. एखाद्या तालुक्यांत दोन लाख माणसें शिध्यावर आहेत असें धरूं. महिन्यास दोन लाख किलो, म्हणजे दोनशें टन. वर्षास चोवीसशें टन. हेक्टरीं दहा क्विंटल उतारा धरला तरी चोवीसशें हेक्टरांच्या मालास कायमचें गिऱ्हाईक मिळतें. एकदम साऱ्या राज्यास लागू करूं म्हटलें तर सात कोटी माणसांस वर्षास आठ लाख चाळीस हजार टन लागतील. तेवढा माल गोळा करतांना बाजार भडकेल व योजना पहिल्याच वर्षीं बुडेल. कर्नाटकांत नाचणी खरेदी करून ती शिध्यांतच वांटण्याची रीत चालू आहे, व ओडिशानें २०१७ पासून डोंगराळ भागांत तोच मार्ग धरला. नाचणी जेथें खातात तेथेंच ती विकत घेतली गेली, म्हणून तें काम चाललें.

यांत सरकारची एक खरी अडचण आहे. ज्वारीला सोंडे लवकर लागतात. गव्हाप्रमाणें ती पोत्यांत वर्षानुवर्षें राहत नाहीं. म्हणूनच खरेदी केलेली भरड धान्यें तीन महिन्यांत वांटून टाकावीं असा नियम होता. २०२१ सालीं ज्वारीकरितां ती मुदत सहा महिने करण्यांत आली व पुढें आणखी वाढविण्यांत आली. फेब्रुवारी-मार्चांत निघणाऱ्या रब्बी ज्वारीस ही वाढ फार उपयोगी आहे. आपले पूर्वज पेवांत ज्वारी वर्षानुवर्षें राखीत. आजच्या गोदामास तें साधूं नये असें नाहीं, पण धान्य जवळच वांटलें तर एवढ्या खटाटोपाची गरजच उरत नाहीं. ज्या वर्षीं बाजारभाव आधारभूत किंमतीहून चढा असेल त्या वर्षीं केंद्र रिकामें राहील, आणि त्याबद्दल कोणीं ओरड करण्याचें कारण नाहीं.

खरेदीची परवानगी राज्यानें केंद्राकडून आधीं घ्यावी लागते, व त्यासाठीं किती माल येणार याचा अंदाज कागदावर लागतो. हा अंदाज सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदींवरून बांधला जातो. २०२१ पासून ही नोंद ई-पीक पाहणीनें शेतकऱ्यानें स्वतः करावयाची आहे. पुष्कळ जण खरिपांत सोयाबीनची नोंद करतात व रब्बींत विसरतात. मग सरकारदप्तरीं ज्वारीचें शेत पडीक दिसतें आणि केंद्रावर माल घेऊन गेल्यावर नांव सांपडत नाहीं. तेव्हां पेरणी उगवून येतांच नोंद करावी, धान्य मळणीनंतर चांगलें वाळवून चौदा टक्क्यांहून कमी ओलीचें ठेवावें, आणि गांवच्या सोसायटीनें आपल्या शिवारांतील ज्वारीचा एकत्र आंकडा काढून डिसेंबर संपण्यापूर्वीं जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा.