ट्रॉली-ब्लोअरसाठी शेड : पत्र्याच्या आधी खड्डा



वळीव तोंडावर आला की दरवर्षी हाच प्रश्न येतो. या आठवड्यात तिघांचे फोन आले. "पावसाच्या आत ट्रॉलीला शेड करायचंय. वेल्डरकडून तयार सांगाडा घेऊ, का पत्रे-पाइप आणून घरीच उभं करू?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून आजचा अभ्यास संदेश त्यावरच. जरा लांब आहे, पण ऑर्डर देण्याआधी वाचा. दर लिहीत नाही, लोखंडाचा भाव दर महिन्याला हलतो.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी मी मळ्यात घरीच शेड केलं होतं. चार पाइप, दीड फुटाचे खड्डे, त्यात दगड आणि माती ठोकून भरलेली, वर आठ पत्रे. दिसायला एकदम पक्कं. मी स्वतः वर चढून, पत्र्यावर बसून बघितलं होतं, हललं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वारा सुटला. पंधरा मिनिटांचा खेळ. शेड खाली बसलं नाही, वर गेलं. चारही पाइप जमिनीतून मुळ्यासारखे उपटले आणि अख्खा सांगाडा बांध ओलांडायला निघाला, तो ब्लोअरवर आदळला. टाकी फुटली. नवी टाकी येईपर्यंत नऊ दिवस दुसऱ्याचा ब्लोअर भाड्यानं आणून फवारणी केली. ते नुकसान भरून निघालं. पण पाच मिनिटं आधी आमचे वडील त्याच पत्र्याखाली ट्रॉलीवर ताडपत्री ओढत होते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हा कळलं की मी शेड वजन *पेलण्यासाठी* केलं होतं. उघड्या शेडला खरं काम असतं ते *उडू न देण्याचं*.

*हिशोब करून बघू*

समजा १२ फूट बाय २० फुटाचं शेड. छप्पर २४० चौरस फूट, म्हणजे साधारण २२ चौरस मीटर. त्यावरच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचं वजन शंभर-सव्वाशे किलो. पाइप-अँगल धरून सगळं मिळून फार तर चारशे-पाचशे किलो.

आता वारा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलो होतो. २२ चौरस मीटरला गुणा, हजार किलोच्या वर गेलं. म्हणजे चारशे-पाचशे किलोच्या वस्तूला एक टन जोर वर ओढतोय. आणि लक्षात घ्या, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

इंजिनिअर लोक इमारतीसाठी वाऱ्याचा जो आकडा धरतात तो भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेला आहे. त्यात नाशिक आणि पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, आणि मुंबई, नागपूरसाठी ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरलेत. शेतातल्या साध्या शेडला त्यात थोडी सूट मिळते, तरी आपण ढोबळ हिशोबाला ३९ धरला तर वरच्याच शेडवर दोन टनांच्या आसपास ओढ येते. छपराचा आकार, उतार, बाजू उघड्या का बंद यावर हा आकडा खाली-वर होतो. पण अंदाज आला ना? पत्र्यावर बसून बघण्यात काही अर्थ नव्हता.

मग ही ओढ धरून ठेवायची कशानं? जमिनीतल्या काँक्रीटच्या वजनानं. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं. दीड फूट बाय दीड फूट, तीन फूट खोल खड्डा पूर्ण काँक्रीटनं भरला तर त्यात साडेचारशे किलोच्या वर वजन बसतं. असे सहा खड्डे म्हणजे दोन हजार सातशे किलो. १२ बाय २० च्या शेडला एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन असे सहा खांब घ्या. माझ्या चार पाइपांखाली काय होतं? माती.

काळ्या जमिनीत आणखी एक भानगड आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, नुसत्या मातीत रोवलेला खांब दर वर्षी थोडा थोडा सैल करते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा मोठा घ्या आणि तळ मुरमानं ठोकून घ्या. काँक्रीट जमिनीच्या चार-सहा बोटं वर आणून वरून उतार द्या, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. लोखंडी खांब सडतो तो तिथेच, जमिनीलगत.

*मोजमाप : टेप घ्या, अंदाज नको*

माझ्या ट्रॉलीचा हौदा १० बाय ६ फूट आहे, पण दांडीसकट लांबी १४ फूट. बरेच जण हौदा मोजतात आणि दांडी विसरतात, मग ती चार महिने पावसात बाहेर. रुंदीला ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना किमान अडीच-तीन फूट सोडा. टायर पंक्चर झालं तर जॅक लावून चाक काढायला माणूस बसला पाहिजे.

उंचीचं ठरवताना ट्रॅक्टरचा धुराडा मोजा, वर छत्री असेल तर ती मोजा. बुटक्या बाजूलाही नऊ फुटांच्या खाली जाऊ नका. आणि हायड्रॉलिक ट्रॉली असेल त्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, हौदा शेडखाली उचलायचा नाही. पत्रा तर जातोच, आणि छपराजवळून वीज नेली असेल तर विषय पत्र्यापुरता राहत नाही. वीज वाहिनीच्या तारांखाली शेड तर अजिबात उभं करू नका. तार जवळ असेल तर जागा ठरवण्याआधी वायरमनला बोलावून दाखवा.

मागे घेण्याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. दोन चाकी ट्रॉली रिव्हर्स घेणं किती जणांना सरळ जमतं ते आपण सगळे जाणतो 🙂 ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून पंचवीस-सव्वीस फूट लांबी होते. तेवढंच अंतर शेडसमोर मोकळं असेल तर ट्रॉली सरळ लावता येणार नाही, आज ना उद्या खांबाला धडक बसणार. जागा असेल तर माझं मत स्पष्ट आहे : *दोन्ही टोकं उघडी ठेवा*. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. मागे घेण्याचं कामच नाही.

हे दोन्ही टोकं उघडी असलेलं शेड वाऱ्यालाही बरं. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची लांब बाजू बंद करा, टोकं उत्तर-दक्षिण ठेवा. सगळ्यात वाईट शेड कोणतं? तीन बाजू बंद आणि उघडं तोंड वाऱ्याकडे. वारा आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते, आतून छपराला ढकलतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. दोन्ही जोर एकाच दिशेनं. वळवाचा वारा तर कुठूनही येतो, म्हणून बंद बाजूलाही खाली एखादा फूट फट मोकळी सोडलेली चांगली.

*मग घ्यायचं कोणतं?*

ताडपत्री थेट ट्रॉलीवर किंवा ब्लोअरवर गुंडाळून बांधणे हे शेड नाही. खालून जमिनीची ओल चढते, आत घाम धरतो, आणि उघड्यावर ठेवलेल्या लोखंडापेक्षा झाकलेलं लवकर गंजतं. ताडपत्री टाकायचीच असेल तर मध्ये हवा खेळेल अशी, बाजू उघड्या ठेवून.

शेडनेट स्वस्त पडतं. बागेतले जुने अँगल आणि तार पडून असेल तर आणखी स्वस्त. वारा जाळीतून बराचसा निघून जातो, त्यामुळे ओढ कमी. पाऊस अडत नाही, पण ऊन अडतं, आणि टायर, रबरी होज, ब्लोअरची प्लास्टिक टाकी यांना खाणारं ऊनच असतं. ज्यांचं यंदा पत्र्याचं बजेट नाही त्यांनी घाईत हलकं पत्र्याचं शेड करण्यापेक्षा यंदा नेट करावं, पण खड्डे आत्ताच पक्के घ्यावेत. पुढच्या वर्षी त्याच खांबांवर पत्रा चढेल. मात्र खांबांतलं अंतर आणि पाइप पत्र्याच्याच हिशोबाचे घ्या.

घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून एकपाखी शेड करता येत असेल तर ते बरं पडतं, खांब निम्मे लागतात. अट एकच, भिंत सिमेंटात बांधलेली आणि वर बीम असलेली हवी. मातीत रचलेल्या विटांच्या भिंतीत बोल्ट ठोकाल तर वारा शेडबरोबर भिंतही घेऊन जाईल.

तयार नटबोल्टचा सांगाडा वाईट नसतो. जागा बदलायची असेल, जमीन वाट्यानं असेल, तर तोच घ्या. पण विकणारा "फक्त ठेवायचं, काही खणायचं नाही" म्हणाला तर मान डोलावू नका. तळाच्या पट्टीला खिळे ठोकून दोन टन ओढ थांबत नाही. बेस प्लेट आणि काँक्रीटमधले फाउंडेशन बोल्ट त्यालाही लागतात.

वेल्डरकडून करणार असाल तर कोटेशनवर या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको : पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये आणि एकूण लोखंडाचं वजन किलोमध्ये, पत्र्याची जाडी (०.३५ आणि ०.५० मधला फरक हाताला कळत नाही, वाऱ्याला कळतो), खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. तिसरी गोष्ट कोटेशनवर कधीच नसते, कारण खड्डा बुजला की दिसत नाही. काँक्रीट ओततील तेव्हा स्वतः तिथे उभे राहा, टेप लावा, फोटो काढा.

पत्र्याचा स्क्रू नागमोडीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात मारला तर तिथूनच गळतो. रबरी वायसर असलाच पाहिजे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना वारा सगळ्यात जास्त ओढतो, तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्या. कारागीर एक सोडून एक मारतात, तिथे काटकसर करू देऊ नका. १२ फूट रुंदीला दीड फूट उतार पुरे. पन्हळ लावा. एवढ्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर बावीसशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं. ते खांबाच्या बुडाशी सोडायचं, का टाकीत घेऊन फवारणीला वापरायचं, तुम्ही ठरवा.

*पत्र्याखाली पहिला मान कोणाचा?*

सगळं मावणार नसेल तर माझा क्रम असा : आधी ट्रॅक्टर आणि ब्लोअर, मग ट्रॉली. ट्रॉली पाऊस सोसते, पाणी साचलेलं सोसत नाही. बाहेर ठेवायची वेळ आली तर मागचा फाळका उघडा ठेवा, दांडीखाली पक्की घोडी लावून पुढची बाजू थोडी उंच घ्या, म्हणजे हौद्यातलं पाणी निघून जाईल. चाकांना दोन्हीकडून दगड लावा, टायरखाली फळी द्या. ब्लोअर मात्र शेडमध्ये नेण्याआधी टाकी, पंप, नोझल साध्या पाण्यानं तीनदा धुऊन पूर्ण रिकामं करा.

शेडची जमीन आजूबाजूपेक्षा नऊ इंच तरी उंच करा, मुरूम टाकून ठोकून घ्या. आणि शेड झालं की रिकामा कोपरा दिसतोच, मग तिथे खताच्या गोण्या आणि कडबा येतो. युरिया, पोटॅश ओल धरतात आणि शेजारचं लोखंड खातात. कडब्यात उंदीर येतात आणि ट्रॅक्टरची वायरिंग कुरतडतात, शिवाय डिझेलशेजारी कडबा म्हणजे आग लागायला ठिणगीचीच वाट. त्यांची जागा वेगळी.

ज्यांना यंदा शेड करायचंय त्यांनी ट्रॉलीची दांडीसकट लांबी, रुंदी, ट्रॅक्टरची धुराड्यासकट उंची, जमीन काळी का मुरमाड, आणि जागेचा एक फोटो पश्चिमेकडे तोंड करून काढून ग्रुपवर टाका. वेल्डरचं कोटेशन मिळालं असेल तर त्याचाही फोटो टाका, आकडा दिसायला नको असेल तर बोटानं झाकून. शनिवारपर्यंत आलेले सगळे एकत्र बघून उत्तर देतो. पाच-सहा जण एकाच मापाचे निघाले तर पत्रा आणि सिमेंट एकत्र मागवू, गाडीभाडं वाचेल.