नायट्रिक ऑक्साइड : चेतापेशींच्या वाढीवरील अंकुश

सामान्य विज्ञानाचा अभ्यास करताना विद्यार्थी हमखास एक गल्लत करतात. भूल देण्यासाठी वापरला जाणारा ‘हसविणारा वायू’ म्हणजे नायट्रस ऑक्साइड. नायट्रोजन व ऑक्सिजनचा प्रत्येकी एक अणू असलेला, वाहनांच्या धुरातून बाहेर पडणारा वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा दुसरा वायू प्रदूषक म्हणून कुप्रसिद्ध असला, तरी आपले शरीर तो स्वतःही तयार करीत असते. या वायूच्या रक्ताभिसरणातील कार्याच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरीद मुराद यांना 1998 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेची तयारी बहुधा येथेच थांबते. मेंदूतील त्याचे कार्य मात्र अधिक विचार करावयास लावणारे आहे.

आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराचे तीन प्रकार आहेत. एक मुख्यतः चेतापेशींत, दुसरा रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आढळतो; तिसरा संसर्ग वा दाह झाल्यावर प्रकट होतो व मोठ्या प्रमाणावर वायू निर्माण करतो. या वायूचे रेणू साठवून ठेवता येत नाहीत. ते पेशीपटलातून सहज आरपार जातात आणि काही सेकंदांतच नष्ट होतात. त्यामुळे या संदेशाचे नियंत्रण साठ्यावर नव्हे, तर उत्पादनावरच अवलंबून असते.

1995 मध्ये पेउनोव्हा व एनिकोलोपोव्ह या संशोधकांनी केलेला प्रयोग येथे समजून घेण्याजोगा आहे. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदापासून मिळविलेल्या पेशी प्रयोगशाळेत सतत विभागत राहतात. त्यांना ‘चेतावृद्धी घटक’ हे प्रथिन दिले, की त्या विभाजन थांबवितात, तंतू फुटून चेतापेशींसारख्या दिसू लागतात. नावात ‘वृद्धी’ असलेला हा घटक विभाजन थांबवितो कसा? संशोधकांना आढळले, की त्याच्या प्रभावाने पेशींतील नायट्रिक ऑक्साइड निर्माण करणारे विकर वाढते व हा वायूच विभाजनाला विराम देतो. विकर रोखले असता पेशी विभागतच राहिल्या. त्यांचे विभेदन, म्हणजे विशिष्ट कार्यासाठी घडणे, झाले नाही. अर्थशास्त्रात आम्ही वृद्धी व विकास यांत भेद करतो. येथे तो भेद पेशीच्या पातळीवर दिसतो. संख्यावाढ थांबल्याखेरीज घडण सुरू होत नाही.

फलमाशीच्या अळ्यांत हे विकर रोखले असता प्रौढ माशीचे अवयव प्रमाणाबाहेर वाढल्याचे 1996 मध्ये दिसून आले. पुढे 2003 मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूत या वायूची निर्मिती कमी केली, तेव्हा तेथील मूलपेशींच्या क्षेत्रांत नव्या पेशींची संख्या वाढली. म्हणजे हा अंकुश केवळ भ्रूणावस्थेपुरता नाही.

मग अर्बुदावर हाच वायू औषध म्हणून का देऊ नये? असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो योग्यच आहे. अडचण मात्रेची आहे. अधिक मात्रेत हा वायू पेशीच्या जनुकद्रव्याला इजा करतो. त्यावर पी-53 हे रक्षक प्रथिन जागृत होऊन विभाजन थांबविते किंवा पेशीला मृत्यूकडे नेते. अल्प मात्रेत मात्र तो नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतो, आणि वाढत्या अर्बुदाला नेमका त्यांचाच रक्तपुरवठा हवा असतो. शिवाय अनेक अर्बुदांत पी-53 चे जनुकच बिघडलेले असते. तेथे अंकुश ओढला तरी ऐकणारे कोणी उरत नाही.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत घातक अर्बुदाबाबत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. या अर्बुदातील मूलपेशी दाहजन्य प्रकारच्या विकराचा उपयोग स्वतःच्या वाढीसाठी करतात आणि ते रोखले असता उंदरांतील अर्बुदांची वाढ मंदावते, असे त्यात आढळले. एके ठिकाणी जे विकर रोखल्याने विभाजन वाढते, त्याच कुळातील विकर दुसरीकडे रोखल्याने ते घटते! म्हणून ‘नायट्रिक ऑक्साइड कर्करोगकारक की कर्करोगरोधक’ असा प्रश्न आल्यास एका शब्दात उत्तर देऊ नये. पेशी कोणती, विकराचा प्रकार कोणता, मात्रा किती व पी-53 शाबूत आहे काय, या चार गोष्टी मांडूनच उत्तर लिहावे. उपचार शोधणाऱ्यांनाही प्रत्येक अर्बुदाबाबत हीच चौकशी करावी लागते. शिवाय रक्तदाबाचे नियमनही हाच वायू करीत असल्याने, मेंदूसाठी दिलेले विकररोधक सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित करू शकते.