दिवा बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही

गाडी चांगली घेतलीस. 2003 सालची माझदा मियाटा, खाली गंज नाही, छपराचं कापडही धड आहे. एडिसनमधल्या गॅरेजात इतकी वर्षं काढल्यावर जुनी गाडी मला नजरेनं कळते. पण काल फोनवर सूनबाई सहज बोलून गेली, "काका, रविवारी हा बाळाला नव्या गाडीतून देवळात नेणार म्हणतोय," आणि रात्रभर मला नीट झोप लागली नाही. बाळ सात महिन्यांचं, गाडीला सीटा दोनच. म्हणून चहा व्हायच्या आत एवढं ऐकून घे.

मुळात घरात मागच्या सीटची गाडी असताना बाळाला हिच्यात बसवायचंच नाही. तेरा वर्षांच्या आतल्या पोराची जागा मागे, आणि हिच्यात ती जागाच नाही. रविवारी देवळात दुसरी गाडी ने. मी सांगतो ते त्या एखाद्या दिवसासाठी, जेव्हा दुसरी गाडी कामाला दिलेली असेल आणि बाळाला डॉक्टरकडे न्यायचंच असेल.

एअरबॅग म्हणजे उशी, हे आधी डोक्यातून काढ. धडक बसली की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत ती डॅशबोर्डातून बाहेर येते, वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. बेल्ट लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी तिचा हिशोब केलेला असतो. बाळाची सीट मात्र उलट्या तोंडाची. तिची पाठ डॅशबोर्डाच्या अगदी जवळ, आणि त्या पाठीला टेकून बाळाचं डोकं. पिशवी सुटली की ती थेट त्याच पाठीवर आदळते आणि सीट बाळासकट मागे फेकते. ही पिशवी हळू धडकेतही सुटते. ज्या धडकेतून एरवी सगळे चालत घरी गेले असते, तीच बाळाच्या जिवावर बेतते.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक पिकअप आला होता. पुढे एकच सलग सीट, मागे काही नाही. पार्किंगमध्येच खांबाला धडकला होता, बंपर जेमतेम चेपलेला. पण बाजूची एअरबॅग सुटून समोरच्या काचेला तडे गेले होते आणि आत सगळीकडे पांढरी भुकटी. सीटवर ठेवलेली किराण्याची पिशवी मागच्या काचेवर जाऊन फुटली होती, टोमॅटो अजून काचेला चिकटलेले. मालक तरुण होता. मी काच पुसत होतो आणि तो एवढंच म्हणाला, "रोज इथे माझी मुलगी असते." त्या दिवशी ताप होता म्हणून ती घरी राहिली होती. ती काच पुसताना माझे हात थरथरत होते.

हे एकट्यादुकट्याचं नव्हतं. 1990 ते 2008 या काळात अमेरिकेत हळू धडकेत पुढच्या एअरबॅगमुळेच 290 हून जास्त माणसं गेली, आणि बाजूच्या सीटवर गेलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. त्यातल्या जवळजवळ नव्वद टक्के गाड्या 1998 च्या आधीच्या. पुढे पिशव्यांचा जोर कमी केला, नियम बदलले. त्याही आधी, 1995 साली, मागची सीट नसलेल्या गाड्यांना बाजूची एअरबॅग बंद करायचं बटण द्यायला इथल्या सरकारनं परवानगी दिली होती. तुझ्या गाडीतला किल्लीचा स्विच त्यातूनच आला.

म्हणून माझा नियम असा. बाळाची सीट ठेवायच्या आधी किल्ली फिरवायची. मग इंजिन चालू करायचं आणि पॅसेंजर एअरबॅग बंद असल्याचा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. उन्हात तो फिका दिसतो, हाताची सावली धरून बघ. दिवा लागला नाही, लुकलुकला किंवा शंका आली, तर बाळाला उतरव. न्यू जर्सीचा कायदाही हेच सांगतो: मागची सीट नसेल तर बाळाला पुढे बसवता येतं, पण एअरबॅग चालू असताना उलट्या तोंडाची सीट तिथे ठेवायची नाही. सूनबाईलाही हा स्विच दाखवून ठेव.

आता याची दुसरी बाजू. माझ्या हातून घडलंय म्हणून सांगतो. थोरल्या नातवाला असंच एकदा सोडून आलो आणि संध्याकाळी तुझ्या काकूला घेऊन हायवेवर गेलो. परतताना अंधारात तो दिवा जळताना दिसला. चाळीस मैल ती एअरबॅगशिवाय बसली होती, आणि बंद मीच केली होती. तेव्हापासून बाळाची सीट काढली की त्याच हातानं किल्ली परत फिरवतो.

सीट बसवण्याचं सांगतो. बाजूची सीट रुळावर जितकी मागे जाते तितकी मागे घे. अशा गाड्यांच्या सीटा खोलगट, कडा उचललेल्या, त्यामुळे बाळाची सीट डुगडुगते किंवा तिचा उतार बिघडतो आणि झोपलेल्या बाळाची मान पुढे पडून श्वास अडतो. सीटवरची उताराची खूण बघ. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलव, एक इंचाहून जास्त हलली तर परत बसव. टॉवेलची गुंडाळी खाली घालायची असेल तर सीटचं पुस्तक परवानगी देतंय का ते वाच. आणि थंडीत फुगीर कोट घालून पट्टे बांधायचे नाहीत. कोट दबतो, पट्टा सैल पडतो. आधी पट्टे घट्ट कर, खांद्यावर चिमटीत येऊ देऊ नकोस, मग वरून गोधडी टाक. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत.

नव्या गाड्यांत वजन ओळखून पिशवी आपोआप बंद करणारे सेन्सर असतात, तुझ्या गाडीत ते नाहीत. उद्या सेन्सरची गाडी घेतलीस तरी दिवा बघायची सवय सोडू नकोस. जाड गादी, पर्स, कशानंही सेन्सरचा अंदाज चुकू शकतो.

मला खरी काळजी मे महिन्याची आहे. कोल्हापूरहून वहिनी येतील आणि म्हणतील, "दे माझ्या मांडीवर, मी धरते घट्ट." त्यांच्या मायेपुढे तुला नाही म्हणवणार नाही. तरी म्हणायचं. ताशी पन्नास किलोमीटरनं धडक बसली तर दहा किलोचं पोर हातात सव्वाशे किलोहून जड होतं. वहिनींनी दोघांभोवती एकच बेल्ट घेतला तर त्यांचंच वजन बाळावर येईल, आणि मोठं माणूस बसलंय म्हणून समोरची पिशवीही चालू असेल. तुला जड जात असेल तर मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी. माझं त्या ऐकतात.

पोरगं मोठं झालं की सीट पुढच्या तोंडाची करायची घाई होईल. त्या सीटला वरून मागे ताणणारा पट्टा लागतो, आणि उघड्या छपराच्या गाडीत तो अडकवायची जागा बहुतेकदा नसते. म्हणून सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतोय तोवर उलटाच बसव. त्यात मावेनासा झाला की या गाडीत त्याचं बसणं बंद. मग कित्येक वर्षं ही गाडी तुमची दोघांची, आणि त्याला खिडकीतून हात हलवू दे.

आण ती किल्ली इकडे. सूनबाई, तूही ये, चहा राहू दे दोन मिनिटं गॅसवर. तू ड्रायव्हरच्या सीटवर बस, किल्ली फिरव, आणि दिवा कुठे लागतो ते मला बोट ठेवून दाखव.