तारेच्या जाळीमागून

चि. समीर यास,


‘द बॅड न्यूज बेअर्स’ काल पाहिला. लेकीला, ओवीला, दाखवू का, असं विचारलं होतंस. आधी तू एकटा बघ. शिव्यांचं म्हणशील तर त्या ढीगभर आहेत, एक पोरगं तर कुणाची जात-वंश काढायचं बाकी ठेवत नाही. पण मी म्हणते ते त्यासाठी नाही.

हसले मात्र खूप. तो बटरमेकर, म्हणजे वॉल्टर मॅथाऊ, एके काळचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. आता लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करतो आणि पैसे मिळतात म्हणून पोरांना बेसबॉल शिकवायला येतो, बीअर पीतपीत. पहिल्याच सामन्यात समोरचे २६ धावा काढतात आणि आपल्या गड्यांना एकालाही बाद करता येत नाही! मग तो अमांडा नावाच्या मुलीला गळ घालून पिचर म्हणून आणतो. सिनेमा १९७६चा. लिटल लीगने मुलींना दारं उघडली ती १९७४ साली, तीही तुमच्या न्यू जर्सीतलं प्रकरण कोर्टात गेल्यावर. हे ओवीला जरूर सांग.

अंतिम सामन्यात समोरच्या संघाचा प्रशिक्षक मैदानात जाऊन आपल्या पिचरला सगळ्यांदेखत थोबाडीत मारतो. पिचर त्याचाच मुलगा. पुढचा चेंडू टोलवला जातो, सरपटत पोराच्याच हातात येतो, आणि पोरगं तो धरून नुसतं उभं राहतं. फलंदाज सगळे बेस फिरून येतो, बाकीचे ओरडतायत, हा ढिम्म. मग चेंडू बापाच्या पायाशी टाकून आईबरोबर निघून जातो. तिथे माझं हसू गेलं.

बटरमेकरही काही संत नाही. जिंकायची चटक लागल्यावर तो एका पोराला मुद्दाम अंगावर चेंडू घ्यायला सांगतो. पण बाकावरच्या पोरांचे उतरलेले चेहरे त्याला दिसतात आणि तो राखीव मुलांना उतरवतो. पोरं सामना ७-६ असा हरतात.

मला हे जमलं नव्हतं. मी शिकवायचे त्या खो-खोच्या संघात तेव्हा बारा जणी, त्यातल्या तीन राखीव. एका स्पर्धेत एक पोरगी तिन्ही दिवस वेण्या घट्ट बांधून रेषेबाहेर बसून होती. शेवटच्या डावात आम्ही चार गुणांनी पुढे, तरी म्हटलं, धोका कशाला? ढाल मिळाली. फोटो अजून कपाटात आहे. सगळ्यांच्या हाफपँटी लाल मातीने माखलेल्या, तिची पांढरीशुभ्र.

म्हणून परवा फोनवर तू म्हणालास की ओवीला शेवटच्या इनिंगलाच घेतात, तेव्हा मला त्या कोचचा राग आलाच. बोल त्याच्याशी, पण सामन्यानंतर, एकटा, आवाज न चढवता. जाळीला नाक लावून ‘बॅट वर, बॅट वर’ ओरडणं मात्र बंद कर. तू पाठवतोस त्या व्हिडिओत तिच्यापेक्षा तुझाच आवाज जास्त येतो. ती चेंडूकडे न बघता तुझ्याकडे बघते, हे तुझ्या लक्षात आलंय का? गाडीत बसल्यावर आधी पाणी दे. सामन्याचं तिचं ती काढेल, नाहीतर नाही काढणार.

तुझ्या बाबांचा गुडघा आता बरा आहे. भाजणी पाठवलीय, डबा पोचला की कळव.

तुझी,
आत्या