जुना लॅपटॉप घेताना परवानाही तपासा

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणारा पहिला लॅपटॉप जुनाच असतो. त्यात कमीपणा काही नाही. बंगळुरूत टाउन हॉलजवळ सदर पत्रप्पा रोड आहे, ज्याला सगळे एस. पी. रोड म्हणतात. तिथे जुन्या संगणकांची कितीतरी दुकाने आहेत. मोठ्या कंपन्या काही वर्षे वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा विकतात, ते साफसूफ होऊन अशा बाजारात येतात. यंत्र दणकट असते आणि किंमत परवडते. म्हणून घेण्यापूर्वी काय तपासावे, हे मी या लेखात सांगणार आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यावी ती अशी. संगणक घेताना आपण दोन गोष्टी घेतो. एक यंत्र आणि दुसरी त्यातील सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी, म्हणजे लायसन्स. यंत्र हातोहात बदलते. परवानगी तशी बदलतेच असे नाही. बाबांचे कॅन्टीन कार्ड शेजाऱ्याच्या हातात दिले, म्हणून कॅन्टीनचा हक्क शेजाऱ्याला मिळत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे.

विंडोजचे परवाने मुख्यतः तीन प्रकारचे असतात. ‘ओईएम’ परवाना लॅपटॉप बनवणारी कंपनीच यंत्रासोबत देते. तो मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे यंत्र विकले की त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. विंडोज ८ पासून त्याची किल्ली बहुधा मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवलेली असते. ‘रिटेल’ परवाना वेगळा विकत घेतलेला असतो. जुन्या यंत्रावरून काढून तो दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. तिसरा ‘व्हॉल्यूम’ परवाना. तो कंपनी किंवा कॉलेज आपल्या शेकडो यंत्रांसाठी एकत्र घेते. लॅपटॉप विकला तरी हा परवाना त्या संस्थेकडेच राहतो.

यातला कोणता आहे हे दुकानातच कळते. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरे, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून डीएलआय लिहा. थोड्या वेळाने माहितीची खिडकी उघडते, तिच्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम हा शब्द सापडतो. डीएलआयऐवजी एक्सपीआर लिहिले, तर परवाना कायमचा आहे की त्याला मुदत आहे ते दिसते. कंपनीच्या सर्व्हरवरून मिळालेली मान्यता १८० दिवसांची असते. म्हणून तारीख दिसली तर लगेच प्रश्न विचारावा.

माझे बाबा पुढच्या वर्षी सैन्यातून निवृत्त होत आहेत आणि ताईला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा होता. २२,००० रुपयांच्या वर जायचे नाही असे घरी ठरले होते. दसऱ्याच्या सुट्टीत बाबा मला न्यायला आले, तेव्हा आम्ही एस. पी. रोडला गेलो. एका दुकानात १९,५०० रुपयांना चांगला लॅपटॉप होता. दुकानदार म्हणाले, “विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सब डालके देता हूँ, फ्री.” मी वरची तपासणी केली. व्हॉल्यूम आणि पुढे तारीख. अँटीव्हायरसही बंद केलेला होता. बाबांनी विचारले, “विंडोज नव्याने टाकून द्याल का?” ते नाही म्हणाले. बाबांनी नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो.

अँटीव्हायरस बंद असण्याला कारण असते. परवाना नसताना विंडोज चालू ठेवण्यासाठी ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचे चोरटे प्रोग्रॅम टाकतात आणि ते चालावेत म्हणून पहारेकऱ्यालाच बाजूला करतात. त्याच वाटेने पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही आत येऊ शकतो. ताईच्या लॅपटॉपवर बाबा ‘स्पर्श’ पोर्टलवर पेन्शनची माहिती पाहणार, बँकेचे व्यवहार करणार. ‘फ्री’ची किंमत तिथे मोजावी लागली असती. शिवाय कायदाही आहे. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच.

पुढच्या दुकानात तसाच लॅपटॉप २१,००० रुपयांना होता. त्यातही कंपनीचे व्हॉल्यूम विंडोजच होते. पण त्या काकांनी आमच्यासमोर सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले. इंटरनेट जोडताच मदरबोर्डमधली मूळ किल्ली लागू झाली आणि ‘ओईएम’ शब्द आला. हक्काचा परवाना यंत्रात आधीपासून होता, फक्त वरच्या थराखाली झाकलेला होता. आम्ही तोच घेतला.

नव्याने विंडोज टाकण्याचा दुसराही फायदा आहे. यंत्र अजून एखाद्या कंपनीच्या नोंदीत असेल, तर इंटरनेट जोडल्यावर ते त्या कंपनीचे लॉगिन मागते. असे यंत्र घेऊ नये. बायोसला पासवर्ड असेल तरी घेऊ नये. खालच्या बाजूचा सिरियल नंबर, बायोसमधला नंबर आणि बिलावरचा नंबर एकच असला पाहिजे. पक्के जीएसटी बिल मागावे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून यंत्र विंडोज ११ ला चालणारे आहे का तेही पाहा. त्यासाठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो.

यंत्र जुने असेल आणि परवाना मिळत नसेल, तर चोरीच्या विंडोजपेक्षा लिनक्स बरे. उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ घ्या. त्यांचा परवानाच मुळी वापरायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळीक देतो. ऑफिसच्या कामासाठी लिबरऑफिस फुकट मिळते आणि त्यात मराठीही लिहिता येते. ताई तिचे रिपोर्ट त्यातच करते.

किट इन्स्पेक्शनला आपण बूट वरून चमकवतो, पण उस्ताद तळवा उलटा करून पाहतात. पैसे देण्याआधी लॅपटॉपही तसाच तपासा. दुकानदाराला प्रश्न विचारायला संकोच करू नका. ज्याचा माल सरळ आहे, तो तपासू देतो.